परतवाड्याचा पांढरा दिवस

चिखलदऱ्याचा घाट परतवाड्याहून जवळ, तरी बर्फ आम्ही चित्रांतच पाहिलेला. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा आम्ही ओळखीच्या चाचांच्या संत्राबागेत गेलो. जमिनीवर गारांचा पांढरा थर, त्यात मृग बहाराची फळे विखुरलेली. पलीकडच्या झाडांचा आंबियाचा फुलोराही झडला होता. एका तडाख्यात दोन हंगाम गेले!

मुले हसत गारा वेचत होती. सालीवरचे व्रण चाचपत चाचा म्हणाले, "मास्तरसाहेब, दागी फळ सडते. व्यापाऱ्यानं सौदा मोडला. ईदनंतर लेकीचा निकाह आहे."

आम्ही मुलांच्या हातातल्या गारा टाकायला लावल्या आणि सर्वांनी मिळून शाबूत संत्री वेचायला घेतली. अंधार पडेपर्यंत जेमतेम चार टोपल्या भरल्या.