कुद्रेमुख : खाण थांबली, डोंगर सावरतो आहे

आपला सह्याद्री महाराष्ट्रात संपत नाही. गोवा ओलांडून तो कर्नाटकात जातो आणि चिक्कमगळूरु जिल्ह्यात पुन्हा आभाळाला भिडतो. तिथे सुमारे १,८९० मीटर उंचीचे कुद्रेमुख शिखर आहे. कन्नडमध्ये 'कुदुरे' म्हणजे घोडा. एका बाजूने हा डोंगर घोड्याच्या तोंडासारखा दिसतो, म्हणून हे नाव.

वर हिरवी कुरणे, घळींत दाट 'शोला' जंगल. पावसाळ्यात गवत आणि झाडोरा पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळाभर थोडे थोडे सोडतात. दुर्मीळ सिंहपुच्छ वानराचे हे घर. याच रांगेतील गंगामूळ येथे तुंगा, भद्रा आणि नेत्रावती उगम पावतात. नेत्रावती मंगळूरुजवळ अरबी समुद्राला मिळते. तुंगा-भद्रा एक होऊन महाबळेश्वरहून आलेल्या कृष्णेत मिसळतात.

या डोंगराच्या पोटात लोखंडही होते. इराणच्या शाहला पोलाद कारखान्यांसाठी ते हवे होते. त्याच्या कर्जाच्या भरवशावर १९७६ मध्ये सरकारी कंपनी स्थापन झाली. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, गिऱ्हाईक गेले. पण खाण उभी राहिली होती, तिने दुसरे ग्राहक शोधले. डोंगर फोडून दगड दळायचा, चुंबकाने लोखंड वेगळे करायचे आणि पाण्यात कालवून ६७ किलोमीटर लांब नळाने मंगळूरु बंदरावर पाठवायचे. उरलेला गाळ लाख्या धरणामागे साचत गेला.

१९८७ मध्ये भोवतालचे जंगल राष्ट्रीय उद्यान झाले, खाण मात्र चालूच राहिली. उघड्या उतारांवरची माती पावसात भद्रेत उतरत होती. खाणीचा करार १९९९ मध्ये संपला, तरी काम थांबेना. निवृत्त वनाधिकारी के. एम. चिन्नप्पा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २००२ मध्ये निकाल लागला आणि २००५ अखेर खाण बंद झाली.

किंमत कामगारांनीही मोजली. त्यांच्यासाठी वसवलेली वसाहत बरीचशी ओस पडली. रोजगार गेलेल्या घराचे दुःख खोटे नव्हते. पण खालच्या खोऱ्यातील असंख्य घरांचे पाणीही याच डोंगरावर अवलंबून होते.

मुलाबाळांसह जायचे तर कारकळ-कळस रस्ता जंगलातूनच जातो. शिखरावर चढायला वनखात्याची परवानगी लागते. पावसाळ्यात जळवा असतात, मीठ जवळ ठेवा. आणि मुलांना लाख्याचा गाळही दाखवा : खाण बंद होऊन इतकी वर्षे झाली, तो अजून तिथेच आहे.