जुन्या बंदराभोवतीचे मार्सेय

मार्सेय, म्हणजे सावरकरांच्या चरित्रांतून मराठी वाचकाच्या परिचयाचे झालेले मार्सेलिस, आपल्याकडे बहुधा एकाच दिवसापुरते आठवले जाते : ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, किनाऱ्यावर पोचल्यावर ते पकडले गेले आणि त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केल्यावरून उठलेला वाद हेगच्या लवाद न्यायालयात जाऊन १९११ मध्ये ब्रिटनच्या बाजूने निकाली निघाला. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक दर्यावर्दींनी वसवलेल्या या शहरात दीर्घ मुक्काम करणाऱ्याला मात्र त्या दिवसाच्या खुणांपेक्षा तेथील दैनंदिन व्यवहारच अधिक गुंतवून ठेवतो. आणि मालवाहतूक शहराच्या मध्यातून केव्हाच हलली असली, तरी बंदराच्या सवयी बाजारांत, स्वयंपाकात आणि खेळांत टिकून आहेत, हे त्याला हळूहळू उमगत जाते.

‘व्ह्यू पोर’ म्हणजे जुने बंदर ही शहराच्या पोटात शिरलेली आयताकृती खाडी असून तिच्या मुखाशी दोन किल्ले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगबोटींसाठी उत्तरेला जोलिएतच्या गोद्या बांधल्या गेल्या, पुढे तेलवाहू आणि कंटेनरची मोठी जहाजे दूर फोसच्या आखाताकडे वळली आणि जुन्या बंदरात उरल्या त्या शिडाच्या हौशी नौका व थोड्या मासेमारी होड्या. तरीही खाडीच्या टोकाशी रोज सकाळी मासळीचे ठेले लागतात, आणि त्यांवर पुष्कळदा कोळ्यांच्या घरातलीच माणसे विक्रीला उभी असतात. उथळ पेट्यांतल्या पाण्यात मासळी अजून तडफडत असते; लालसर, काटेरी आणि दिसायला कुरूप अशा ‘रास्कास’ माशाला हात लावू पाहणाऱ्या नवख्याला विक्रेता आधी त्याच्या विषारी काट्यांची जाणीव करून देतो.

हाच रास्कास ‘बुयाबेस’ या केशर, बडीशेप आणि टोमॅटो घातलेल्या प्रसिद्ध कालवणाचा आधार होय. न खपलेल्या काटेरी मासळीतून कोळ्यांनी रांधलेले हे कालवण आज उंची भोजनगृहांत गेले असून, नकलांना आळा घालण्यासाठी काही भोजनगृहचालकांनी १९८० मध्ये त्याच्या घटकांची सनदच तयार केली. रस्सा आधी, लसणीच्या तिखट चटणीसह, आणि मासे वेगळे, ग्राहकासमोर चिरून, असा त्याचा मान आहे. परंतु त्याची किंमत पाहता ते रोजचे अन्न उरलेले नाही, हे मान्य करायला हवे.

रोजचे अन्न पाहायचे तर उत्तरेकडच्या लेस्ताक या किनारी वस्तीत जावे. सेझान आणि ब्राक यांच्या चित्रांमुळे ती कलेच्या इतिहासात पोचली, पण स्थानिक माणूस तेथे जातो तो ‘पानिस’ खायला. चण्याचे पीठ पाण्यात शिजवून, गुठळी न होईल असे घोटून, गार करून घट्ट बसवतात, मग त्याच्या चकत्या तेलात तळून मीठ-मिरपूड भुरभुरून कागदात बांधून देतात. सुरळीच्या वडीचे पीठ जाडसर थापून तळावे, तसा हा प्रकार मराठी जिभेला अनोळखी वाटत नाही. या परिसराचा आणखी एक धागा कोकणापर्यंत येतो. लेस्ताक आणि शेजारच्या सेंतांरी येथील मातीपासून एकमेकांत अडकणारी सपाट कौले बनवून ती जगभर निर्यात होत, आणि बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात सुरू केलेल्या कारखान्यातून निघालेली, पुढे कोकणातल्या घरांवर चढलेली मंगलोरी कौले याच घडणीची आहेत.

शहराच्या मध्यभागी नोआय हा बाजार अल्जीरियन, ट्युनिशियन आणि कोमोरो बेटांवरून आलेल्यांच्या पुदिन्याच्या जुड्यांनी, खजुरांनी आणि तिखटाच्या डब्यांनी भरलेला असतो. येथे, किंबहुना फ्रान्समध्ये सर्वत्रच, दुकानात शिरताच ‘बोंजूर’ न म्हणता भाव विचारणे असभ्य समजले जाते, आणि घाईत असलेल्या पाहुण्याला हा नियम विक्रेत्याच्या थंड चेहऱ्यावरूनच शिकावा लागतो. या रंगीबेरंगीपणाचे कौतुक करताना भोवतालच्या जीर्ण चाळवजा इमारतींकडे डोळेझाक होऊ नये : ५ नोव्हेंबर २०१८ रोजी येथील दोबाञ रस्त्यावरची घरे कोसळून ८ जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर शहरातल्या शेकडो इमारती धोकादायक ठरवून रिकाम्या करण्यात आल्या.

संध्याकाळ ‘पास्तिस’ची असते. आब्सिंथ या मद्यावर १९१५ मध्ये बंदी आल्यानंतर बडीशेपेच्या चवीच्या मद्यांना वाव मिळाला आणि १९३२ मध्ये मार्सेयच्या पॉल रिकार यांनी आपले पास्तिस बाजारात आणले. त्यात पाणी ओतताच ते दुधाळ होते, कारण त्यातील सुगंधी तेल मद्यार्कात विरघळते, पाण्यात नाही. हा पेला जवळ ठेवून झाडांखाली ‘पेतांक’ चालतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जवळच्या ला सिओता गावात रूढ झालेल्या या खेळात धावण्यास मनाई असून, जागच्या जागी उभे राहून धातूचे गोळे लाकडी गोटीच्या शक्य तितके जवळ टाकायचे असतात. अंतर दोन बोटांचे असले तरी ते मोजण्यासाठी खिशातून फीत निघते, वाद रंगतो आणि खेळ थांबतो. एकही गुण न मिळवता १३–० असा हरलेला गट ‘फॅनी’ नावाच्या काल्पनिक स्त्रीच्या चित्राच्या किंवा मूर्तीच्या पार्श्वभागाचे सर्वांसमक्ष चुंबन घेतो; अनेक क्लबांत ती मूर्ती एरवी पडद्याआड ठेवलेली असते.