पाटी गेली समुद्रात

आमची शाळा प्रभादेवीला. शाळेतून निघून पाच-दहा मिनिटं चाललं, की कीर्ती कॉलेजच्या पलीकडे समुद्र लागतो. ओहोटीच्या वेळी तिथले काळेशार खडक उघडे पडतात. खळग्यांत पाणी साचतं, त्यात इवलेसे खेकडे पळत असतात. चौथीला परिसर अभ्यास शिकवायला याहून चांगला वर्ग मला अजून मिळालेला नाही.

एकदा अशाच ओहोटीला आम्ही गेलो असताना एकानं विचारलं, "बाई, हे दगड एवढे काळे का?"

मी सांगितलं, "हा बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला, थरावर थर पसरत गेला आणि निवून त्याचा दगड झाला. आपला सह्याद्री त्याचाच. मुंबईची बेटंही अशाच लाव्हाची. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी कधी मोठा काळ जायचा. तेवढ्यात तळी व्हायची, झाडं उगवायची. आपल्या शेजारच्या वरळीच्या टेकडीत अशा दोन थरांच्या मधे एकोणिसाव्या शतकात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले होते."

"म्हणजे आपण ज्वालामुखीवर राहतो?" सगळ्यांचे डोळे मोठे झाले.

"थंड झालेल्या! घाबरू नका."

"मग जिवंत ज्वालामुखी कुठंय? तुम्ही पाहिलाय?"

मी पाहिला नव्हता. पण पाहायचं ठरवलं होतं, तेही पाण्याखालून! त्याचीच ही गोष्ट.

मुलांनो, भारतात जिवंत ज्वालामुखी एकच आहे. अंदमानातलं बॅरन बेट. श्री विजयपुरम्‌पासून, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपासून, ते ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर आहे. तिथं भारताच्या बाजूचं भूकवच पूर्वेकडच्या भूकवचाखाली सरकत जातं. खोलवर खडक वितळतो आणि वाट मिळेल तिथून वर येतो. एकोणिसाव्या शतकात शांत झालेला हा ज्वालामुखी १९९१ मध्ये अचानक जागा झाला. नंतर १९९४, २००५, २०१७ असा अधूनमधून धुमसतच राहिला. सप्टेंबर २०२५ मध्येही तो जागा झाला होता. पाण्यावर आपल्याला बेट दिसतं ते जेमतेम साडेतीनशे मीटर उंच. पण तो नुसता शेंडा! त्याचा पायथा दोन हजार मीटरहून खोल समुद्राच्या तळाशी आहे. म्हणजे डोंगराचा फार मोठा भाग पाण्यातच.

तो पाण्यातला डोंगर थोडासा तरी पाहायचा तर स्कूबा डायव्हिंग यायला हवं. आणि नुसतं 'एकदा करून पाहिलं' एवढं पुरत नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ हौशी पर्यटकांना प्रशिक्षक धरून पाण्याखाली नेतात आणि मासे दाखवून वर आणतात. ती झाली तोंडओळख. बॅरनसारख्या ठिकाणी प्रमाणपत्र असलेल्यांनाच नेतात. गाइड सोबत असतो, पण तो वाट दाखवतो, तुम्हाला कडेवर घेत नाही! टाकीत हवा किती उरली, आपण किती खोल आलो, हे ज्याचं त्यानं बघायचं. शिवाय प्रत्येकाला एक जोडीदार असतो. त्याची काळजी तुम्ही घ्यायची, तुमची त्यानं.

मी शिकले तारकर्लीला, २०२२ च्या नाताळच्या सुट्टीत. तिथं महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. आई काही केल्या तयार नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. मी म्हटलं, "आई, म्हणूनच तर शिकून जाते." तिनं निघताना हातावर दही दिलं, पण बोलली नाही.

तिथं काय शिकवलं? पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असं पुष्कळांना वाटतं. नाही, आपली नेहमीचीच हवा असते, दाबून भरलेली. पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. वर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. वरून फुगवलेला फुगा वीस मीटर खाली नेला तर तो आक्रसून तिसरा हिस्सा उरेल. आता उलटं बघा. वीस मीटरवर छातीत हवा भरून घेतली आणि श्वास कोंडून वर आलात, तर ती हवा तिप्पट व्हायला बघेल! फुप्फुसं बिचारी काय करतील? म्हणून डायव्हरचा पहिला नियम : श्वास कधीही रोखायचा नाही. दुसरा नियम : वर येताना घाई नाही. शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. दाबाखाली अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून. त्याच कारणानं डायव्हिंग झाल्यावर लगेच विमानातही बसायचं नाही.

कानाचंही तसंच. पडद्याच्या आतल्या बाजूला हवा असते. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो आणि पडदा आत दबतो. मग नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. नाकामागून कानाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून हवा जाते, 'टुक' होतं आणि कान मोकळा होतो. सर्दी असेल तर ती नळी बुजते. म्हणून सर्दी असताना डायव्हिंग करायचं नाही. हे मी वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडेल!

पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं खुणांनी. अंगठा वर केला तर आपण म्हणतो 'मस्त!' तिथं त्याचा अर्थ 'वर चला'. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला म्हणजे 'ठीक आहे'. पंजा पालथा करून हलवला म्हणजे 'काहीतरी बिघडलंय', आणि मग जिथं बिघडलं तिथं बोट दाखवायचं.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत, साठवलेले पैसे मोडून, मी अंदमानला निघाले. निघण्याआधी वर्गात सांगितलं, तर मुलांनी मला एक काम दिलं. पाण्याखाली लिहिता येणारी प्लॅस्टिकची पाटी मिळते, तिला पेन्सिल बांधलेली असते. ती मी वर्गात दाखवायला नेली होती. मुलांनी तिच्यावर पाच प्रश्न लिहून दिले. काळी वाळू गरम असते का? पाण्याखाली धूर दिसतो का? मासे ज्वालामुखीला घाबरत नाहीत का? तिथला दगड आपल्या चौपाटीसारखाच आहे का? आणि मांटा, म्हणजे ते राक्षसी पाकट, किती मोठं असतं? आमच्या मुलांना पाकट बाजारातलं माहीत. मांटाचे पंख चार-पाच मीटर पसरतात म्हटल्यावर एकजण म्हणाली, "बाई, आमच्या खोलीत मावणार नाही!"

स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला पोचल्यावर गाइडनं आमची प्रमाणपत्रं आणि आधीच्या डाइव्हच्या नोंदवह्या तपासल्या. किनाऱ्याजवळ एक डाइव्ह करून घेतली. पोरांची गृहपाठाची वही तपासतात ना, अगदी तसं! बॅरन बेट हे अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याची परवानगी लागते. पर्यटकांना बेटावर पाय ठेवायचा नाही, बोटीवरून उतरायचं ते पाण्यातच. माझे जोडीदार ठरले कोल्हापूरचे एक काका. बँकेत नोकरी, वय पंचावन्न, डायव्हिंगचं वेड.

रात्री उशिरा बोट निघाली. आणि रात्रीच माझं नाक चोंदलं.

पहाटे उजाडलं तेव्हा समोर ते उभं होतं. काळा, राखेनं माखलेला उतार, वर धुराची बारीक रेघ, एका अंगाला हिरवी झाडी. वस्ती नाही, बंदर नाही. माणसांनी केव्हातरी सोडलेल्या बकऱ्यांचे वंशज मात्र तिथं राहतात म्हणे. मला प्रभादेवीचे खडक आठवले. आपलीही जमीन कधीकाळी अशीच धगधगत असेल!

गाइडनं विचारलं, "सगळे ठीक? कुणाला सर्दी, ताप?"

मी गप्प बसले. एवढे पैसे, एवढा प्रवास, पाटीवरचे पाच प्रश्न... नाकात औषधाचे थेंब टाकले होतेच. होईल ठीक, म्हटलं.

पाण्यात उतरलो. निळं, स्वच्छ पाणी. खाली काळा उतार, त्यावर पिवळ्या-जांभळ्या पोवळ्यांचे ठिपके. चार मीटर. नाक धरून फुंकलं. उजवा कान मोकळा झाला, डावा नाही. सहा मीटर. डाव्या कानात कुणी पेन्सिल खुपसतंय असं वाटायला लागलं. गाइड वळला. त्यानं बोटांचा गोल करून एकेकाला विचारलं : ठीक?

मीही गोल करून दाखवला. ठीक!

मुलांनो, मी पाण्याखाली खोटं बोलले.

आणि त्याच क्षणी मला आमच्या वर्गातला दुसऱ्या बाकावरचा मुलगा आठवला. भागाकार शिकवून झाल्यावर "कळलं का?" विचारलं, की तो सगळ्यात आधी "हो बाई" म्हणतो. वहीत मात्र सगळं चुकलेलं. मी दरवेळी रागावते, "नाही कळलं तर हात वर करायला काय होतं रे?"

काय होतं ते मला आठ मीटर खोल कळलं. लाज वाटते. सगळे पुढं चाललेले असतात आणि आपल्यामुळं त्यांना थांबावं लागणार असतं. हात उचलतच नाही!

तरी उचलला. पंजा पालथा करून हलवला, डाव्या कानाकडे बोट दाखवलं. गाइड लगेच जवळ आला. आम्ही दोन मीटर वर गेलो. पुन्हा फुंकलं, कान मोकळा होईना. त्यानं शांतपणे अंगठा वर केला. म्हणजे काय, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

जोडीदारानं सोबत वर यायचं, असा नियम. काका माझ्याबरोबर वर आले. त्यांची हौसेची डाइव्ह दहा मिनिटांत संपली.

बोटीवर ते काही वेळ बोलले नाहीत. टॉवेलनं डोकं पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, सर्दी होती तर बोटीवरच बोलायचं होतं की! मी दुसऱ्या कुणाबरोबर गेलो असतो. थेंबांचा असर खाली असताना उतरला असता, तर वर येताना कान कोंडला असता. मग काय केलं असतं आपण?"

मला उत्तर नव्हतं. रडूच आलं. कान दुखत होता म्हणून नाही.

दुपारच्या डाइव्हला गाइडनं काकांना दुसऱ्या जोडीबरोबर घेतलं. मी बोटीवरच थांबणार होते. निघताना काकांनी हात पुढं केला, "आणा ती पाटी इकडं."

पाटी पाण्यात गेली. मी कठड्याला टेकून बुडबुड्यांकडे बघत बसले. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी ते वर आले आणि पाटी माझ्या हातात दिली. मुलांच्या प्रश्नांखाली बँकेतल्या वळणदार अक्षरात उत्तरं होती :

१. नाही. आम्ही गेलो तिथं गार.
२. नाही.
३. अजिबात नाही. शेकड्यांनी आहेत.
४. तसाच काळा. पण नवा आहे, कडा धारदार.
५. आलंच नाही. पुढच्या वेळी.

सुट्टी संपल्यावर मी ती पाटी वर्गात नेली. उत्तरं वाचून दाखवली आणि ती कुणी लिहिली तेही सांगितलं. खोटा गोल केला तेही. वर्ग चिडीचूप. कुणीतरी हळूच विचारलं, "बाई, तुम्हालासुद्धा भीती वाटते?"

"वाटते ना. सांगायची भीती तर जास्तच वाटते."

तुमच्यापैकी कुणाला हे शिकावंसं वाटलं, तर आई-बाबांना जरूर सांगा. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांनाही मोठ्यांच्या सोबतीनं, कमी खोलीपर्यंत, रीतसर शिकता येतं. पालकांनी मात्र चार गोष्टी पाहाव्यात : डॉक्टरांचा सल्ला, प्रशिक्षित शिक्षक, बोटीवर प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि 'नको' म्हणणाऱ्या मुलावर जबरदस्ती नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर हा खेळ बंदच असतो.

माझा कान आठवडाभरात बरा झाला. डॉक्टर म्हणाले, आणखी खोल गेला असतात तर पडदा फाटला असता.

त्या दिवशी गणिताच्या तासाला मी फळ्यावर भागाकार सोडवला आणि नेहमीसारखं विचारलं, "कळलं का?"

दुसऱ्या बाकावरून "हो बाई" आलं नाही. जरा वेळानं एक हात वर झाला. बोलला काहीच नाही. पंजा पालथा करून हलवला आणि वहीकडे बोट दाखवलं.

मी खडू घेऊन त्याच्या बाकाशी गेले.