बॅकएंड साताऱ्यात, आजी सांगलीत

तर मंडळी, मिथटीव्ही म्हणजे आयझॅक रिचर्ड्सने २००२ साली सुरू केलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. बॅकएंड रेकॉर्ड करतो, फ्रंटएंड नुसता दाखवतो. साताऱ्याला आमच्या घरी ट्यूनर कार्ड, हार्ड डिस्क, मायएसक्यूएल सगळं एकाच पीसीवर. गच्चीवरच्या फ्री डिशवरून सह्याद्री वाहिनी रेकॉर्ड होते. हॉल आणि आतली खोली, दोन्हीकडचे फ्रंटएंड पोर्ट ६५४३ वर त्यालाच जोडलेले. त्यामुळे बाबांच्या बातम्या विरुद्ध आईचा कार्यक्रम हे भांडण मिटलं.

सांगलीपर्यंत थेट दाखवायला मात्र आमच्या ब्रॉडबँडचा अपलोड पुरत नाही. म्हणून रात्री आरसिंकने फाइल्स तिकडच्या पीसीवर जातात. आजोबा गेल्यापासून आजी तिथे एकटीच असते. फोनवर म्हणाली, "कालचं का असेना, तुम्ही बघता तेच मी बघते रे." आता रोज त्यावर आईशी अर्धा तास गप्पा होतात. असो, सेटअप सफल!