श्रीवर्धनची अक्षरं

‘श्रीवर्धन’मध्ये अक्षरं किती? शाळेतलं पोरही चार सांगेल: श्री, व, र्ध, न. पायथॉनला लांबी विचारली तर उत्तर येतं नऊ, कारण युनिकोडमध्ये हलन्त आणि वेलांटीही सुट्या मोजल्या जातात. मराठी अक्षरं नीट तोडणारी एक छोटी लायब्ररी मी हरिहरेश्वरला बसून सांभाळतो. ती दुसऱ्या एका लायब्ररीवर विसंबून आहे, आणि ती दुसरी युनिकोडच्या तक्त्यांवर.

सप्टेंबर 2023 मध्ये युनिकोड 15.1 आलं. तोवर जोडाक्षर हलन्तापाशी तुटायचं आणि श्रीवर्धनचे सहा तुकडे पडायचे. नव्या नियमाने देवनागरी जोडाक्षर अखंड राहतं, म्हणून चार. मला मनापासून आनंद झाला. पण खालच्या लायब्ररीच्या दृष्टीने ही तक्त्यांतली नेहमीची भर. तिने आवृत्तीचा मधला आकडा वाढवला, म्हणजे नवं आलं, जुनं मोडलं नाही. माझ्या लायब्ररीवर कुणी मराठी शब्दकोडं रचत असेल तर त्याच्या चौकटी मात्र बदलणार. म्हणून मी पहिला आकडा वाढवला आणि बदलांच्या नोंदीत सगळ्यात वर लिहिलं: श्रीवर्धन, आधी 6, आता 4.

मग खालची आवृत्ती अगदी अचूक बांधून का टाकू नये? लायब्ररीने ते करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याच प्रोजेक्टमधल्या दुसऱ्या पॅकेजला वेगळी आवृत्ती हवी असली की पिप अडून बसतं. लायब्ररीने ‘इथपासून पुढे’ एवढंच सांगावं. नेमका आकडा ॲप्लिकेशनच्या लॉक फाइलमध्ये असावा.

आणि डिपेंडन्सी मुळात कमी घ्याव्यात. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे 11 ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून काढलं आणि जगभरातले बिल्ड कोसळले. एवढ्या ओळी मी हाताने लिहीन.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्या तालुक्यात वीज आणि मोबाइल नेटवर्क कित्येक दिवस नव्हतं. तेव्हापासून सगळी व्हील्स ‘पिप डाउनलोड’ने पेनड्राइव्हवर उतरवून ठेवतो. माझं स्वतःचं व्हील निव्वळ पायथॉनचं आहे, फाइलच्या नावाच्या शेवटी ‘नन-एनी’ असलेलं, म्हणून ते विंडोज, लिनक्स कुठेही बसतं. नवी आवृत्ती काढण्याआधी वायफाय बंद करतो, कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट उघडतो आणि पेनड्राइव्हवरूनच सगळं बसवून चाचण्या चालवतो. त्या पास झाल्या की मगच पायपीआयवर चढवतो.