कायदा कोणाला बांधतो?

कायदा कोणाला बांधतो, यावरून त्याची योग्यता पारखावी, असे माझे मत होत चालले आहे. आम्हां मेढेकरांना कायद्याचा परिचय नवा नाही. १९६४ च्या कायद्यापासून आपल्याच रानातला हिरडा तोडायलाही परवानगी लागते. २००१ साली शेजारचा महाबळेश्वर-पाचगणीचा मुलूख संवेदनक्षम ठरला. डोंगर राखायचा, तर हे योग्यच!

पण जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि वेण्णा आमच्यापुढून गढूळ, रोंरावत गेली. तापलेली हवा अधिक बाष्प धरते. ती तापविली मात्र जावळीच्या कुऱ्हाडीने नव्हे.

२८ ऑक्टोबर २००८ रोजी ब्रिटनच्या पार्लमेंटात हवामानबदलाचे विधेयक संमत होत असता बाहेर लंडनात बर्फ पडत होते! विरोधकांना हसू फुटले असल्यास नवल नाही. परंतु एका रात्रीची हवा निराळी, शतकाची निराळी. १९९० च्या मानाने २०५० पर्यंत ८० टक्के उत्सर्ग घटविण्याचे बंधन त्या सभासदांनी घातले, ते खुद्द मंत्र्यावर. २०१९ मध्ये ते निव्वळ शून्यापर्यंत नेले.

आपल्याकडे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य केला. मात्र त्यासाठी एकसंध कायदा नाही, हेही नमूद केले. तो करावयाचा झाल्यास आमच्या प्रतिनिधीकडे माझे एकच मागणे असेल : कुणब्याच्या कुऱ्हाडीइतकाच सरकारचा हातही त्यात बांधलेला असावा.