ओरखडा नव्हे, ठशाची भेग
आजीचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया मी मोडीत काढणार होतो. राणीच्या गळ्यावर ओरखडा होता ना! एकलहऱ्याच्या घरी भिंगाखाली पाहिले, तर ती रेघ खोल नव्हे, उठावदार होती. ओरखडा धातू खरवडतो. ठसा तडकला, तर भेगेत चांदी शिरून नाण्यावर उंच रेघ उमटते. भेग वाढत जाते, म्हणून कोणते नाणे आधीचे, कोणते नंतरचे, हे कळते.

आपल्याच जिल्ह्यात, जोगलटेंभीला, १९०६ मध्ये नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. त्या ठशाखालून नहपानाचा चेहरा डोकावतो, म्हणूनच कोणी कोणाला जिंकले, हे नाणेच सांगते.

मित्रहो, भिंगातून पाहिल्याशिवाय जुने नाणे घासू नका, मोडू नका.